पॉप-गीतांच्या चित्रफिती : त्यांचे संकेत आणि विद्यार्थ्यांचे प्रयोग



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनसवर बोलणार, नाही तर कंत्राटी मजुरीवर, अशी श्रोत्यांची धारणा असते. आणि ती बहुधा खरी ठरते. आज आम्ही पॉप-गीतांच्या चित्रफितींविषयी बोलणार आहो. त्याला कारण घडले ते असे. मंडप, दिवाबत्ती आणि ध्वनिक्षेपक यांच्या धंद्यातील कामगारांत आमचा वावर. त्यांपैकी सात जणांनी एका गाण्याच्या चित्रीकरणावर तीन रात्री दिवे ओढले. मजुरी मागायला गेले तेव्हा निर्माता त्यांना म्हणाला, ‘‘गाणे साडेतीन मिनिटांचे, त्याला तीन रात्रींचे पैसे कसले?’’ प्रश्न उर्मट खरा. पण त्याला नुसत्या घोषणेने उत्तर देता येत नाही. साडेतीन मिनिटांत काय काय भरलेले असते ते उलगडून दाखवावे लागते. शिवाय कामगारांची मुले आता कॉलेजांतून, कित्येक तर वस्तीतल्या गच्चीवरून, हातातल्या मोबाइलवर अशा चित्रफिती स्वतःच करू लागली आहेत. बापाला जे काम समजावून घ्यायचे आहे तेच मुलाला शिकायचे आहे. तेव्हा दोघांनाही उपयोगी पडेल असे बोलावे, एवढाच आमचा हेतू.

प्रथम ‘संकेत’ या शब्दाविषयी. तमाशाच्या फडात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग, हा क्रम प्रेक्षकाला कोणी शिकवलेला नसतो. तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. मावशी आली की हसायचे हे त्याला ठाऊक असते. कलेचा संकेत म्हणजे करणारा आणि पाहणारा यांच्यातला असा न लिहिलेला करार. पॉप-गीताच्या चित्रफितीतही असे करार पुष्कळ आहेत. आणि ते आकाशातून पडलेले नाहीत. कोणाच्या तरी सोयीतून, कोणाच्या तरी पैशातून ते जन्मले आहेत. ही सोय कोणाची आणि पैसा कोणाचा, हे विचारत गेले की बराचसा विषय आपोआप सुटतो.

गाण्याला चित्र जोडण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास हॉटेलांतून आणि गुत्त्यांतून ‘पॅनोरम’ नावाची यंत्रे बसली. दहा सेंटचे नाणे टाकले की काचेच्या पडद्यावर एक गाणे दिसायचे. आत आठ गाण्यांची एकच फीत गोल फिरत असे, म्हणून गाणे निवडण्याची सोय नव्हती. पुढचे जे असेल ते पाहायचे. या छोट्या पटांना ‘साउंडीज’ म्हणत. फ्रान्समध्ये १९६० साली ‘स्कोपिटोन’ नावाचे यंत्र निघाले, त्यात निवड करता येई. १९६५ साली लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेलाच्या मागल्या बोळात डी. ए. पेनिबेकर यांनी बॉब डिलन या गायकाचे एक गाणे टिपले. डिलन गात नाही, ओठही हलवत नाही. त्याच्या हातात शब्द लिहिलेल्या पुठ्ठ्यांची चवड आहे आणि गाणे पुढे जाईल तसतसा तो एकेक पुठ्ठा खाली टाकतो. बस्स, एवढेच. पुढे १९६७ च्या ‘डोन्ट लुक बॅक’ या पटाचा आरंभ याच तुकड्याने झाला. खर्च पुठ्ठ्यांचा आणि शाईचा. ज्या विद्यार्थ्याला ‘साधने नाहीत’ असे वाटते त्याने हा तुकडा आधी पाहावा.

१९७५ साली ब्रिटनमधील ‘क्वीन’ या वाद्यवृंदापुढे वेगळीच अडचण होती. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हे त्यांचे गाणे दूरदर्शनच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात यायला हवे. पण वृंद दौऱ्यावर, आणि अनेक आवाज एकावर एक चढवून बांधलेले हे गाणे प्रत्यक्ष मंचावर ओठ हलवून दाखवणे हास्यास्पद झाले असते. म्हणून ब्रूस गॉवर्स यांनी एल्स्ट्री येथे सुमारे चार तासांत त्याची चित्रफीत घेतली. काळोखातून वर येणारे चार चेहरे हे त्यातले गाजलेले चित्र. तेही वृंदाच्या १९७४ च्या तबकडीच्या वेष्टनावरून उचललेले. गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गायक हजर नसताना त्याची फीत हजेरी लावू शकते, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. मालकाला ही गोष्ट समजायला कधीच वेळ लागत नाही.

मग १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही दिवसरात्र चित्रफिती दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिने पहिली दाखवलेली फीत ‘द बगल्स’ या जोडीची होती आणि त्या गाण्याचा विषयच मुळी चित्रफितीने रेडिओच्या गायकाचा जीव घेतला असा होता. वाहिनीचा धंदा नामी होता. दाखवायचा माल तबकडी-कंपन्या स्वतःच्या खर्चाने करून देणार, वाहिनीने तो लावायचा आणि जाहिराती विकायच्या. कंपनी तरी स्वतःचे पैसे घालत होती काय? करारांची सर्वसाधारण रीत अशी की चित्रफितीचा खर्च, निदान त्याचा काही भाग, गायकाच्या मानधनातून वळता करून घेतला जातो. म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावर झगझगीत दिवे पडले आहेत तो पुष्कळदा त्या दिव्यांचे भाडेही भरत असतो. आमच्या ओळखीचा हा हिशेब आहे. गिरणीत त्याला नुकसानीची कपात म्हणत.

आता संकेत पाहू. सर्वांत ठळक संकेत म्हणजे गायकाचा चेहरा. अगदी जवळून, वारंवार, आणि शक्य तर पहिल्या काही सेकंदांतच. यात कलेपेक्षा विक्रीचा भाग मोठा. कारण विकायची आहे ती तबकडी, आणि तबकडीवर छापलेला आहे तो चेहरा. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाचे १९९२ साली ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’ हे पुस्तक निघाले. नावात कारखाना आहे म्हणून आम्ही ते उत्सुकतेने उघडले, आणि पस्तावलो नाही. गाण्याचे शब्द आणि चित्र यांचे नाते तीन प्रकारचे असू शकते, असे तो सांगतो. शब्द म्हणतात तेच चित्र दाखवते, हा पहिला प्रकार. पाऊस म्हटला की पाऊस. दुसऱ्यात चित्र शब्दांना पुढे नेते, त्यांत नसलेला अर्थ घालते. तिसऱ्यात चित्राचा शब्दांशी संबंधच तुटलेला असतो. नवशिका बहुधा पहिल्या प्रकाराला चिकटतो. ‘हृदय तुटले’ असे शब्द आले की लाल कागदाचे हृदय फाडतो. आमच्या मते प्रेक्षकाच्या बुद्धीचा याहून मोठा अपमान नाही. त्याला कान आहेत, तेच पुन्हा डोळ्यांना कशाला सांगायचे?

मांडणीच्या दृष्टीने पाहिले तर कधी नुसते गाणे-वाजवणे दाखवतात, कधी एखादी गोष्ट सांगतात, आणि कधी एखादी कल्पना घेऊन तीच शेवटपर्यंत ताणतात. बहुतेक चित्रफितींत पहिले दोन प्रकार एकमेकांत विणलेले असतात. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मायकेल जॅक्सनची ‘थ्रिलर’ गोष्टीच्या अंगाने इतकी वाढली की ती जवळजवळ चौदा मिनिटांची झाली. दिग्दर्शक जॉन लँडिस हा मुळात चित्रपटांचाच माणूस. निव्वळ कल्पनेवर उभी राहिलेली म्हणून ‘ओके गो’ या वृंदाची २००६ ची फीत पाहावी. व्यायामाची आठ चालती यंत्रे, त्यांवर चार जण, कॅमेरा एका जागी आणि मध्ये एकही कट नाही. गायकाच्या बहिणीने हा नाच बसवला. तो बिनचूक होईपर्यंत पुनःपुन्हा करावा लागला, हे सांगायला नकोच. येथे पैसा थोडा आहे, तालीम भरपूर आहे. श्रम कोठेतरी भरावेच लागतात. यंत्रात नाही भरले तर अंगाने भरावे लागतात.

दुसऱ्याच्या कृतीची आठवण करून देणे हाही एक मान्य संकेत. १९८५ साली मॅडोनाने एका फितीत मॅरिलिन मन्रोच्या १९५३ च्या चित्रपटातील नाचाचा थाट उघडपणे घेतला. १९९४ साली ‘बीस्टी बॉइज’ने जुन्या पोलिसी मालिकांची नक्कल केली. यात चोरी नाही, कारण प्रेक्षकाने ओळखावे हाच हेतू आहे. पोशाखाचे संकेत तर प्रत्येक संगीतप्रकाराचे निराळे. त्यांत फार शिरण्याचे कारण नाही, कारण ते दर दहा वर्षांनी पालटतात.

परंतु एका संकेतापाशी थांबलेच पाहिजे. १९८६ साली रॉबर्ट पामर या गायकाची एक फीत आली. पुढे टाय घातलेला गायक आणि मागे एकाच पोशाखातल्या, एकाच रंगरंगोटीच्या, हातात वाद्ये धरलेल्या तरुणी. त्यांना वाद्ये वाजवायची नव्हतीच. त्या सजावट म्हणून उभ्या. या फितीच्या पुढे असंख्य नकला झाल्या. लॉरा मल्वी या विदुषीने १९७५ सालच्या एका निबंधात हॉलिवूडच्या चित्रपटांविषयी लिहिले होते की तेथे पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाते ती स्त्री. चित्रफितींनी हा दोष कमी केला नाही, वाढवला. रंगाची गोष्टही अशीच. आरंभीच्या एमटीव्हीवर कृष्णवर्णीय गायक फारच थोडे दिसत. १९८३ साली डेव्हिड बोवी याने त्याच वाहिनीवरील मुलाखतीत त्यांना तोंडावर याचा जाब विचारला. संकेत निरुपद्रवी नसतात. कोण पुढे उभा राहणार आणि कोण मागे, हे तेच ठरवतात.

आता आमच्या सात कामगारांच्या प्रश्नाकडे वळू. साडेतीन मिनिटांत काय असते? गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची धरा. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचे आवर्तन दोन सेकंदांचे. प्रत्येक आवर्तनाला चित्र बदलायचे ठरवले तर २१० सेकंदांत १०५ चित्रे लागतात. प्रत्येकासाठी कॅमेरा हलतो, दिवा हलतो, केस आणि घाम पुसला जातो, आणि एकदा बिघडले की पुन्हा. कमीत कमी तीनदा टिपले असे म्हटले तरी तीनशेच्या वर टेक झाले. रात्रीत शंभर टेक! ज्याने दिवा खांद्यावर घेतला आहे त्याला हे गणित शिकवावे लागत नाही. आम्ही ते कागदावर मांडून निर्मात्यापुढे ठेवले तेव्हा मजुरी निघाली. पूर्ण नाही, पण निघाली.

आणि हे साध्या चित्रीकरणाचे झाले. १९८५ सालच्या ‘आ-हा’ या नॉर्वेच्या वृंदाच्या फितीत माणसे पेन्सिलीच्या चित्रांत शिरतात. त्यासाठी सुमारे ३००० फ्रेम हाताने रेखाटाव्या लागल्या आणि सोळा आठवडे गेले. १९८६ च्या ‘स्लेजहॅमर’साठी पीटर गॅब्रिएल सोळा तास एका काचेखाली निजून होता, त्याच्या चेहऱ्याभोवतीच्या वस्तू इंचाइंचाने सरकवून एकेक फ्रेम घेतली जात होती. पडद्यावर हे सारे लीलया घडल्यासारखे दिसते. तसे दिसावे म्हणूनच तर मेहनत.

ओठ जुळवण्याचे तंत्र आपल्याकडे नवे नाही. १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून हिंदी चित्रपटात पार्श्वगायन रुळले. त्यामुळे गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे, मग ते चित्रीकरणाच्या जागी मोठ्याने वाजवून त्यावर ओठ हलवायचे, ही रीत आपल्या स्टुडिओंना पाश्चात्त्य चित्रफितींच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. फरक एवढाच की तिकडे गाणारा पुढे असतो, आपल्या चित्रपटात तो पडद्याआड. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून प्रथम ‘कामिनी’ असे छापले होते, म्हणजे पटातल्या पात्राचे नाव. गळा लता मंगेशकरांचा होता! गाणारा स्वतःच पुढे येण्याचा काळ आपल्याकडे उपग्रह वाहिन्यांबरोबर आला. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने तो घरोघरी पोचवला.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ. ब्रिटनमध्ये शालान्त ए-लेव्हल परीक्षेला माध्यमांचा अभ्यास हा विषय असतो. तेथील ‘ओसीआर’ या परीक्षामंडळाच्या २००८ पासूनच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी चित्रफीत करावी, जोडीला तबकडीचे वेष्टन आणि मासिकातली जाहिरात करावी, अशी योजना होती. नंतर प्रश्न विचारत. त्यांतला पहिलाच असा, की प्रचलित संकेत तुम्ही कोठे वापरले, कोठे वाढवले आणि कोठे मोडले? शंभरांपैकी वीस गुण तर पूर्वतयारीलाच. आम्हांला ही पद्धत फार पसंत आहे. जो संकेत माहीतच नाही तो मोडता येत नाही. तो नुसता चुकतो. चुकणे आणि मोडणे यांतला फरक ज्याला कारण सांगता येते त्यालाच कळतो.

आमच्या वस्तीतल्या मुलांबरोबर काम करताना जे हाती लागले ते येथे सांगतो. गाणे आधी कागदावर उतरवावे. मुखडा कोठे, अंतरा कोठे, नुसती वाद्ये किती सेकंद, हे घड्याळ लावून लिहावे आणि त्यासमोर काय दिसणार त्याची चौकोनी चित्रे काढावीत. चित्रे वेडीवाकडी असली तरी चालतील. चित्रीकरणाच्या जागी गाणे मोठ्या डब्यावर वाजवावे, आणि गाणाऱ्याने खरेच मोठ्याने गावे. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, छाती भरत नाही, आणि लबाडी लगेच दिसते. संपूर्ण गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत निदान तीन वेगवेगळ्या जागांवरून एकेकदा घ्यावे: एकदा दुरून, एकदा कमरेपासून वर, एकदा चेहरा. एवढे पदरात पडले की बाकी काहीही फसले तरी चित्रफीत उभी राहते. मुले नेमके हेच टाळतात आणि सूर्यास्ताच्या मागे लागतात.

संकलनाचीही एक गोम आहे. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. १२० च्या लयीत एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम येतात, हिशेब सुटसुटीत. कॅमेरा २५ चा असेल तर साडेबारा येतात, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. म्हणून एकदा बारा, एकदा तेरा असे चालावे लागते. मोबाइलची आणखी एक खोड म्हणजे उजेड कमी झाला की कित्येक यंत्रे फ्रेमचा वेग स्वतःच बदलतात. मग गाण्याच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी मागे पडतात. वेग पक्का बांधून देण्याची सोय असेल तर ती वापरावी. आणि प्रत्येक ठोक्यावर कापू नये. सरसकट ठोक्यावर कापलेली फीत यंत्रमागाच्या खडखडाटासारखी होते. दोन आवर्तने थांबावे, मग अचानक चार वेळा कापावे. डोळ्यालाही श्वास लागतो.

संथ गतीत माणूस चालतो आणि ओठ मात्र गाण्याशी जुळतात, ही जादू मुले नेहमी विचारतात. कॅमेरा दुप्पट वेगाने चालवायचा, गाणेही दुप्पट वेगाने वाजवायचे, आणि दाखवताना चित्र मूळ गतीला आणायचे. ‘कोल्डप्ले’च्या ‘द सायंटिस्ट’मध्ये सारे जग उलटे चालते आणि गायक मात्र सुलटा गातो. त्यासाठी क्रिस मार्टिनने संपूर्ण गाणे उलट्या क्रमाने म्हणायला शिकून घेतले होते. असे काही करायचे तर आधी महिनाभर घोकंपट्टी करण्याची तयारी हवी.

एका बाबतीत मात्र आम्ही मुलांशी भांडतो आणि भांडत राहू. रेल्वेचे रूळ. रुळांच्या मधून चालत येणारा एकाकी गायक हा संकेत इतका रुजला आहे की प्रत्येक दुसऱ्या मुलाला तो हवासा वाटतो. कानात गाणे आहे, समोर कॅमेरा आहे, आणि गाडी मागून येते आहे, अशा स्थितीत माणूस वाचत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वये रुळांवर शिरणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्यासाठी नव्हे, आम्ही म्हणतो ते घरी वाट पाहणाऱ्या आईसाठी. रूळच हवा असेल तर तो जमिनीवर खडूने काढा. कदाचित जास्त चांगला दिसेल.

पाण्याच्या टाकीवर चढणे, गच्चीच्या कठड्यावर नाचणे हेही त्यातलेच. नाचणारे हे कामगार असतात, हे धंद्यालाच फार उशिरा कळले. अमेरिकेत चित्रफितींतील नर्तक-नर्तकींच्या किमान मोबदल्याचा आणि कामाच्या अटींचा करार त्यांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेने मोठ्या तबकडी-कंपन्यांशी पहिल्यांदा केला तो २०१२ साली. एमटीव्ही सुरू होऊन तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. दिग्दर्शकाचे नाव फितीवर झळकवायला त्याच वाहिनीने १९९२ साल उजाडू दिले. तोवर ते काम कोणी केले हे प्रेक्षकाला कळण्याची सोयच नव्हती.

म्हणून आमच्या मुलांना आम्ही एक शिस्त लावली आहे. चित्रीकरणाच्या सकाळी हजेरीपत्रक भरायचे. कोण आले, किती वाजता आले, काय काम केले. दिवा धरणारा, पाणी आणणारी, शेजारच्या काकू ज्यांनी वीज दिली त्या, सगळ्यांची नावे. जेवणाची सुटी ठरलेल्या वेळी. गाणे दुसऱ्याचे असेल तर हक्क कोणाचा हे शोधून परवानगीचे पत्र आधी पाठवायचे, उत्तर येईपर्यंत फीत लोकांत सोडायची नाही. ज्यांचा चेहरा दिसणार त्यांची संमती लेखी, आणि अल्पवयीन असेल तर पालकांची. फीत पुरी झाली की हजेरीपत्रकावरूनच नामावळी करायची, त्यात कोणाच्या आडनावाची वेलांटी चुकली असेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय ती इंटरनेटवर चढवायची नाही. गेल्या खेपेला या नामावळीत तेवीस नावे आली. मुले म्हणाली, एवढी नावे कोण वाचणार? आम्ही म्हटले, ते तेवीस जण वाचतील.